जॅझला प्रॉम्प्टर नसतो

प्रॉम्प्टरचं काम चांगलं झालं तर ते कुणाला कळत नाही. माझं आजवर सगळ्यांना कळत आलेलं आहे.

आमच्या आळीच्या महिला मंडळाचं दरवर्षी एक नाटक होतं आणि विंगेत बसून त्याला शब्द पुरवायचं काम मी लग्न होऊन रत्नागिरीत आल्यापासून माझ्याकडे आहे. आवाज खणखणीत, पाठांतर दांडगं आणि अभिनय शून्य. मला दुसरीकडे बसवणार तरी कुठे? एका वर्षी आमच्या नायिकेला दुसऱ्या अंकातलं एकही वाक्य आठवेना. तो अख्खा अंक मी विंगेतून म्हटला आणि ती बाहेर नुसते हातवारे करत राहिली. (अभिनयाचं बक्षीस तिला मिळालं.) आमचे प्रेक्षकही इतके तयार, की नटी अडकली आणि माझा आवाज चढला की ते लगेच टाळ्या वाजवायला लागतात. तेवढ्यात तिला आठवायला उसंत मिळते आणि तिची अब्रूही झाकली जाते. ही रीत कोणी पाडली ठाऊक नाही, पण आळीतली पोरंटोरंसुद्धा ती पाळतात.

हे पाल्हाळ अशासाठी, की पुढे जे झालं त्याला मी एकटी जबाबदार नाही. थोडी आळीही आहे.

माझी मुलगी सायली मुंबईला नोकरी करते आणि संध्याकाळी जॅझ गाते. तिकडची जुनी गाजलेली इंग्रजी गाणी, आपली नाट्यपदं जशी जो तो आपापल्या ढंगात गातो, तशी गायची म्हणजे जॅझ, एवढं मला कळलं होतं. दोनेक वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका मोठ्या कार्यक्रमात ती गाता गाता शब्द विसरली. पुढचा शब्द काही येईना, वादक वाजवत राहिले आणि ही दिव्यांकडे बघत उभी! त्यानंतर कित्येक महिने तिने गाणं तोंडातून काढलं नाही. फोनवर "जेवलीस का गो?" विचारलं तरी तिचा आवाज असा यायचा, की माझ्याच घशाखाली घास उतरू नये.

तर या दिवाळीत घरी येऊन, चकली मोडता मोडता ती म्हणाली, "आई, मी रेकॉर्डिंग करत्ये. लाइव्ह. समोर माणसं बसवून. आपल्या मंडळाच्या हॉलमध्ये."

"आपल्या? अगो, तिथे आढ्याला वटवाघळं आहेत!"

"लाकडी स्टेज आहे, वर कौलं आहेत. आवाज छान येतो. आणि खरं सांगू का? परक्या माणसांसमोर उभं राहायचा धीर नाही होत अजून. इथे होईल. इथे जमलं तर गात राहीन. नाही जमलं, तर गाणं सोडलं."

हे ती चकली खाता खाता म्हणाली आणि मी हातातली कढई तशीच धरून उभी राहिले. त्या क्षणापासून कार्यक्रमाच्या दिवसापर्यंत मला धड झोप नाही. सायली मागच्या अंगणात फेऱ्या मारत गाण्यांचे शब्द घोकायची, मी स्वयंपाकघरात तेच पुटपुटायची. तिचे पाठ व्हायच्या आधी माझे झाले! एका गाण्यात चंद्र, एकात पाऊस, एकात सोडून गेलेला माणूस, असं मी क्रमवार डोक्यात बसवून टाकलं. भाजीवाल्याला पैसे देताना मी "माय लव्ह" म्हणाले, तेव्हा आमचे हे म्हणाले, "तुझा जीव कशाला एवढा वरखाली होतोय? गायचं तिने आहे."

हे म्हणजे माझे यजमान. आळी यांना भाऊ म्हणते. यांची भाट्याच्या खाडीपलीकडे आंब्याची बाग आहे आणि यांना जगातल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर पेटी आणि पेंढा यांत सापडतं.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळच्या गाडीने गोव्याहून वादक आले. रात्रीच्या गाडीने परत जायचे, म्हणजे जे काय व्हायचं ते एका संध्याकाळीच. त्यांच्यातला आंतोन हा दाढीवाला, अबोल माणूस डबल बेस वाजवतो. हे वाद्य म्हणजे व्हायोलिनचे पणजोबा, माणसाहून उंच आणि पोटाशी चांगलं सुटलेलं. स्टेशनपासून हॉलपर्यंत ते आमच्या टेम्पोतून न्यायचं होतं आणि रस्ता खणून ठेवलेला. आंतोन काळजीत पडला.

"काही होत नाही," हे म्हणाले. "आमचा आंबा मुंबईला डाग न पडता जातो. तुम्ही चहा घ्या."

आंतोनने चहा घेतला. तेवढ्यात यांनी वाद्य पिशवीतून काढलं, नुकत्याच झोडलेल्या भाताच्या पेंढ्यात गुंडाळलं, दोन बाजूंना बांबू लावले आणि सुंभाने आवळून टेम्पोत आडवं केलं. टेम्पो सावकाश आळीत शिरला. मागे बांबूला धरून हे उभे, शेजारी मान खाली घालून आंतोन. रस्त्यावरच्या माणसांनी चपला काढल्या. आमच्या मंडळाच्या अध्यक्षा मालतीताई तोंडावर पदर घेऊन धावत आल्या.

"अगो बाई! कोण गो गेलं?"

"कोणी गेलं नाही. आलंय. गोव्याहून."

"मग आडवं का ठेवलंय?"

एवढ्यावर निभावलं असतं. पण दुपारी तालमीला आंतोनने तार छेडली तर उशीत तोंड खुपसून कोणी बोलावं तसा आवाज आला. त्याने पुन्हा छेडली. मग वाद्याला कान लावला. मग यांच्याकडे बघून अत्यंत शांतपणे विचारलं, "भाऊ, माझ्या बेसच्या पोटात काय आहे?"

"पेंढा," हे अभिमानाने म्हणाले. "त्या दोन भोकांतून घातला. आत पोकळी राहिली की मार बसतो."

आंतोन खाली बसला. पुढची सगळी दुपार आम्ही त्या भोकांतून पेंढा काढण्यात घालवली. विणायच्या सुया झाल्या, उलथन्याचा दांडा झाला, शेवटी समईची वात सारायची काडी आणली. एकेक काडी बाहेर आली की आंतोन तार छेडायचा आणि मान हलवायचा. या सगळ्या गडबडीत तालीम माझ्या कानांवर आलीच नाही. स्टेजवर सायली वादकांबरोबर काय काय ठरवत होती आणि मी पाठ फिरवून पेंढा उपसत होते. माझा सगळा घात इथे झाला.

संध्याकाळी हॉल भरला. ध्वनिमुद्रणाला केदार नावाचा पुण्याचा मुलगा आला होता. त्याने आधी पंखे बंद करायला लावले, मग माणसं.

"हे बघा, खोकायचं नाही, बोलायचं नाही, खुर्ची सरकवायची नाही. इथली टाचणी पडली तरी रेकॉर्ड होईल."

"श्वास घेतला तर चालेल ना?" मालतीताईंनी विचारलं. मग त्यांनी खोकला येऊ नये म्हणून सगळ्यांना लवंगा वाटल्या. प्रत्येक लवंग वेगळ्या कुरकुरणाऱ्या कागदात बांधलेली होती! केदारने डोळे मिटून घेतले.

मला सायलीने पहिल्या रांगेत बसायला सांगितलं होतं. "फक्त बस आई," असं बजावलंही होतं. मीही बसणार होते, देवाशपथ. पण पडदा उघडायच्या आधी मी तिला पाणी द्यायला विंगेत गेले, तर तिचे हात थंडगार. माझं मनगट धरून ती हळूच म्हणाली, "आई, विसरले तर गो?"

आता तुम्हीच सांगा, याला नेमणूक नाही तर काय म्हणायचं? आंब्याची रिकामी पेटी विंगेत पालथी होती, तिच्यावर मी माझी जागा घेतली. डोक्यावर काठीला लटकवलेला काहीतरी केसाळ बोळा होता. मला वाटलं, जळमटं काढायची केरसुणी असेल.

पहिलं गाणं अक्षर न् अक्षर बरोबर आलं. मी श्वास सोडला. दुसरं चंद्राचं गाणं, तेही अर्ध्यापर्यंत छान झालं. आणि मग सायलीने डोळे मिटले आणि म्हणाली, "डूबा डूबा बी... शाबा डू..."

गेले! शब्द गेले! आणि गेले ते गेले, पोरगी भर स्टेजवर बरळायला लागली!

प्रॉम्प्टरचा नियम असतो. दोन श्वास थांबायचं, मग शब्द द्यायचा. मी दोन श्वास थांबले. ते मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. मग हळूच म्हटलं, "मून."

"डी डी डूबा डा..."

"मून, सायू! मून!"

"रीबा डीबा..."

मग मात्र मी अख्खी ओळ म्हटली, दुसऱ्या अंकाच्या आवाजात. समोर मालतीताईंनी कान टवकारले. तो आवाज त्या ओळखतात. पोर अडकली म्हणायची! त्यांनी लवंग गालात सरकवली आणि जोरात टाळ्या सुरू केल्या. पाठोपाठ अख्ख्या आळीने कौलं हलतील अशा टाळ्या वाजवल्या. गंमत म्हणजे पियानोवाला खुलला, ड्रमवाल्याने मान तुकवली आणि आंतोन दिवसात पहिल्यांदा हसला. (जॅझमध्ये असं शब्दांवाचून गातात, जशी आपल्याकडे तान असते, आणि त्यावर भर गाण्यात टाळ्या वाजवायच्या असतात, हे मला नंतर कळलं. त्यांना वाटलं, काय जाणकार गाव आहे!)

पण खरं संकट पुढेच होतं. चंद्राचं गाणं संपलं नाही तोच सायली पावसाच्या गाण्यात शिरली. त्याचं एक कडवं म्हणून ती सोडून गेलेल्या माणसाकडे गेली. याला मेडली म्हणतात, तीन-चार गाणी एकात एक गुंफायची. पण ते गुंफलं दुपारी, आणि दुपारी मी कुठे होते? पेंढ्यात! प्रॉम्प्टरला मरणापेक्षा भय कशाचं असेल, तर नटीने पहिल्या अंकातून तिसऱ्यात उडी मारण्याचं. मी पेटीवरून उठले, गुडघ्यांवर रांगत विंगेच्या टोकाशी गेले आणि तिला पावसात परत आणायचा आटापिटा करू लागले.

"रेन! अगो, रेन राहिला!"

ती माणसावर. मी पावसावर. टाळ्यांचा कडकडाट. हॉलच्या मागच्या बाजूला केदार कानांवरचं यंत्र काढत होता, घालत होता, वायरी उपटून बघत होता.

मध्यंतरात तो थेट विंगेत आला. केसाळ बोळ्याकडे बघितलं, खाली माझ्याकडे बघितलं.

"काकू, तुम्ही इथे होतात?"

"हो. का?"

"हा माइक आहे. तुमचं 'मून' सायलीच्या आवाजापेक्षा मोठं आलंय."

मी कशीबशी म्हणाले, "ती शब्द विसरली होती रे. मी सावरून घेतलं."

सायली त्याच्या मागेच उभी होती. मला वाटलं, आता आकांडतांडव करील. तिने केलं असतं तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "मी विसरले नव्हते, आई. गात होते. किती दिवसांनी मोकळं गात होते." आणि मग अगदी हळू, "तुला वाटतंच ना, मी पुन्हा विसरणार म्हणून?"

मला तसंच वाटत होतं, हेच तर खरं होतं. दिवाळीपासून दुसरं काही वाटलंच नव्हतं. मी रडायलाच लागले.

तोडगा आंतोनने काढला. मध्यंतरानंतर चंद्राचं गाणं आणि ती मेडली पुन्हा घ्यायची. आळीची काही हरकत नव्हती. आवडलेलं पद दोनदा ऐकायची आम्हाला सवयच आहे. अट एकच, काकूंनी विंगेत बसायचं नाही. मी स्टेजवरच्या पूजेच्या नारळावर हात ठेवून सांगितलं, की आता तोंडातून अक्षर काढणार नाही. तरी केदारचा विश्वास बसला नाही. (पुण्याचा!) त्याने मला पहिल्या रांगेत मधोमध बसवलं. एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला मालतीताई, दोघांनी माझा एकेक हात धरलेला. प्रेक्षकांनाही ताकीद मिळाली, की यापुढे वादकांनी मान हलवली तरच टाळ्या.

चंद्राचं गाणं पुन्हा झालं. "डूबा डूबा" आलं. मी दात आवळले. यांनी हात दाबला. मेडली आली, पाऊस अर्धा सोडून माणूस आला, मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. पण आता कळत असल्यामुळे असेल, ऐकताना एकदम वाटलं, काय गाते ही! माझ्याच पोटची, आणि मी ती बरळते म्हणत होते.

शेवटचं गाणं संथ होतं. साथीला फक्त पियानो. हॉलमध्ये घामाने सगळे निथळत होते, पण कोणी हलेना. दोन कडवी झाली. तिसऱ्याच्या तोंडाशी सायली थांबली.

मला वाटलं, असेल बाई, हेही जॅझमध्ये असेल. मग तिचे डोळे बघितले. ते मिटलेले नव्हते. सताड उघडे होते. पियानोवाल्याने तोच तुकडा पुन्हा वाजवला. ती तशीच उभी. या वेळी खरंच गेला होता शब्द.

तिने माझ्याकडे बघितलं.

यांनी माझा हात सोडला. "सांग," हे ओठांतल्या ओठांत म्हणाले. दुसऱ्या बाजूने मालतीताई चिमटा काढत पुटपुटल्या, "सांग गो मेले! शपथ गेली खड्ड्यात!"

मी तोंड उघडलं. शपथ मोडायची मला तयारी होती. नारळाची मी नंतर समजूत घातली असती. पण तोंडात काहीच येईना! अख्खं गाणं मी फोडणी देताना म्हणत होते, झोपेत म्हणत होते, आणि आता डोक्यात पाटी कोरी! आठवत होता तो फक्त 'मून', आणि या गाण्यात चंद्र नव्हताच! आयुष्यभर दुसऱ्यांना शब्द पुरवले आणि पोटच्या पोरीला द्यायला एक सापडेना. मी तोंड उघडं टाकून तिच्याकडे बघत राहिले.

ती माझ्याकडे बघत होती. आणि मग ती हसली. काय समजली कोण जाणे, पण खांदे सैल सोडून, डोळे मिटून, शब्दांवाचूनच गायला लागली. नुसते स्वर, अगदी हळू, अंगाईसारखे. पियानोवाला तिच्यामागे गेला. गाता गाता तिला तो हरवलेला शब्द सापडला, तिने तो अलगद उचलला आणि गाणं पुरं केलं. वादकांनी मान हलवायची कोणी वाट पाहिली नाही. मालतीताई उभ्या राहून टाळ्या वाजवत रडत होत्या, आणि मी तर काय, विचारूच नका.

केदार म्हणाला, हे शेवटचं गाणं आहे तसंच ठेवायचं, त्या थांबण्यासकट. आंतोन म्हणाला, एवढं थांबायला छाती लागते. सायली धावत आली आणि माझ्या गळ्यात पडली.

"आई! तुला शब्द माहीत होता. तरी तू नाही सांगितलास! तुला वाटलं ना, मला जमेल म्हणून? त्यानेच मला धीर आला."

आता अशा वेळी आईने काय बोलायचं असतं? मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "हो गो बाळे."

पुढच्या आठवड्यात मंडळाने माझा सत्कार केला. शाल, नारळ आणि मालतीताईंचं भाषण. आईने मुलीवर विश्वास कसा टाकावा, जीव कासावीस होत असताना मौन कसं पाळावं, हे शुभाताईंकडून (म्हणजे माझ्याकडून!) शिकावं, असं बरंच काही त्या म्हणाल्या. मी डोळे पुसले. बायकांना वाटलं, गहिवरून आलं.

घरी येऊन मी शालीची घडी घालत होते. हे झोपाळ्यावर बसून माझ्याकडे बघत होते.

"विसरली होतीस ना?"

"काहीतरीच काय!"

"एवढ्या वर्षांच्या संसारात तुझं तोंड उघडलं आणि आवाज आला नाही, असं एकदाच झालंय. मी शेजारीच होतो."

मी शाल खाली ठेवली, पदर खोचला आणि यांना असं काही सडेतोड सुनवायला वळले, की जन्मभर लक्षात राहिलं असतं. पण नेमका शब्दच आठवेना!